स्वयंपाकघरातून जाणारी मालगाडी

अंजनाबाई रामटेके यांच्या स्वयंपाकघरात मीठ, हळद, तूरडाळ आणि रेल्वे लाईन एकाच फळीवर होती. डबे मागे भिंतीला टेकून, रूळ पुढे. बैठकीच्या भिंतीला पाडलेल्या चौकोनी भोकातून वीतभर इंजिन डोकं काढायचं, त्याच्यामागे कोळशाच्या वाघिणी डुलत डुलत डब्यांसमोरून जायच्या आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या भोकातून झोपायच्या खोलीत शिरायच्या. तिथं कपाटाला वळसा घालून गाडी परत बैठकीत. फोडणी तडतडली की कोळशावर मोहऱ्या पडायच्या. अंजनाबाई त्या वाघिणी दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसायच्या, आणि पुसताना नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या.

"लोकाइचे नवरे रिटायर झाले का भाजी आणतात. माह्या नवऱ्यानं मालगाडी आणली."

नवरा म्हणजे हरिदास रामटेके. गुढियारीच्या वस्तीत त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेली, एकट्यानं. गाडी पुढे धावायची आणि गार्डसाहेब मागे पळणारे रूळ बघत बसायचे. पुढे, कुठंतरी फार लांब, एक इंजिन आहे आणि त्यात एक ड्रायव्हर आहे, हे त्यांना बसणाऱ्या धक्क्यांवरून कळायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर आपल्या मालकीचं एक इंजिन घरात आणलं.

अडचण अशी होती की गाडी चालवायचं गोल बटण बैठकीतल्या टेबलावर वायरनं बांधलेलं होतं. गाडी भोकात शिरली की गार्डसाहेबांना दिसेनाशी व्हायची. मग ते बसल्या जागेवरून ओरडायचे.

"अंजना, कुठं पोचली वो?"

"हळद गेली! डाळीपाशी आहे!"

"स्पीड कसा आहे?"

"तुमच्या भाच्यासारखा. चालून राहिला का थांबला, समजतच नाही."

मग गाडी जोरात यायची. मसाल्याच्या डब्यासमोर रुळाचा एक सांधा जरा वर आला होता. तिथं इंजिन वेगात आलं की उसळायचं.

"मसाल्यापाशी आली, हळू करा! उडन ते!"

अशी ती सेवा वर्षानुवर्षं चालू होती. विहारातल्या बायकांना अंजनाबाई सांगायच्या, "आमच्या घरी खेळणं चालते म्हाताऱ्याचं. मी आपली पोळ्या लाटता लाटता सिग्नल देतो." बायका हसायच्या. अंजनाबाईही हसायच्या.

पण कोणाला सांगितली नाही अशी एक गोष्ट होती. या घरातली सगळी बटणं अंजनाबाईंच्या हाताखालची. गॅस त्यांचा, मिक्सर त्यांचा, पाण्याची मोटर त्यांची, कूलर कधी लावायचा आणि कधी बंद करायचा तेही त्यांच्याच मर्जीनं. एवढं एक गोल बटण सोडून. आणि त्यांना ते फिरवायचं होतं. का, ते विचारायची सोय नाही. लहानपणी आमगावच्या घरामागून गाड्या जायच्या म्हणून म्हणा, की आयुष्यभर एका माणसाचा डबा भरून त्याला गाडीवर पाठवलं आणि गाडी काही आपल्या वाट्याला आली नाही म्हणून म्हणा. हवं होतं, एवढं खरं.

एकदा गार्डसाहेब पेन्शनच्या कामाला गेले होते, तेव्हा अंजनाबाईंनी हात साफ करून घेतला. पदराला हात पुसले, टेबलापाशी उभ्या राहिल्या, बटण फिरवलं. गाडी निघाली. निघाली ती भोकात गेली. आता इंजिन कसं येतं ते बघायला अंजनाबाई स्वयंपाकघरात धावल्या. आलं की ते! डाळीच्या डब्यापुढून, त्यांनी सोडलेलं इंजिन! त्या टाळ्या पिटत झोपायच्या खोलीत पळाल्या, तिथून बैठकीत, तिथून परत स्वयंपाकघरात, आणि गाडी थांबवायला टेबलापाशी उभं राहायला हवं हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. सून दीपमाला शाळेतून शिकवून घरी आली तेव्हा सासूबाई धापा टाकत घरभर गाडीमागे पळत होत्या.

"आई! ये क्या हो रहा है?"

"काही नाही. झाडू मारून राहिली होती."

"झाडू किधर है?"

अंजनाबाईंनी हाताकडे पाहिलं. हातात लाटणं होतं.

तेव्हापासून हे गुपित सासूसुनेत होतं. दीपमाला दुर्गची, मराठी समजायची सगळं, उत्तर हिंदीत द्यायची. "आई, आप सीधा बोल दो ना पापाजी को."

"काय बोलू? इतके साल खेळणं म्हणून हसली. पूर्ण पाऱ्यात घरोघरी सांगितलं. आता कोणत्या तोंडानं मागू?"

एवढ्यात डॉक्टर शिशिर मोघे वायरलेसची गोष्ट घेऊन आले.

हे शिशिर म्हणजे चौबे कॉलनीतले दातांचे डॉक्टर. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीतही अशीच एक रेल्वे होती. गार्डसाहेबांची आणि त्यांची ओळख दाढ काढताना झाली. दवाखान्याच्या भिंतीवर इंजिनाचा फोटो होता आणि गार्डसाहेबांनी तोंडात कापसाचे बोळे असताना त्या इंजिनाची जात सांगितली होती. डॉक्टरांनी पक्कड बाजूला ठेवून त्यांना मिठीच मारली.

"काका, आता डिजिटल करा," शिशिर चहा फुंकत म्हणाले. "इंजिनात एक चिप बसवायची. प्रत्येक इंजिनाला आपला नंबर. आपण हुकूम सोडायचा, तो रुळातून जातो, आणि ज्याचा नंबर तेच इंजिन ऐकतं. आणि हुकूम सोडायला वायर नको. हातात रिमोट घ्या न् घरभर फिरा."

गार्डसाहेबांचा कप तोंडापर्यंत जाता जाता थांबला. "म्हणजे मी गाडीसंगं चालत जाईन? स्वयंपाकघरात?"

"हव काका. कपाटापर्यंत."

"ऐकलं का वो?" गार्डसाहेब आनंदानं ओरडले. "आता तुह्या जिवाले आराम! ओरडायचं कामच संपलं!"

अंजनाबाई दारात उभ्या होत्या. चांगलं झालं, असं त्यांनी म्हटलं. पण मनात आलं, बटण तर कधी मिळालंच नव्हतं, आता सिग्नलही जाणार. नवरा गाडीमागून त्यांच्या ओट्यापाशी येणार, कोपरानं त्यांना बाजूला सारणार, आणि गाडी हळदीवरून कधी गेली हे त्यांना कोणी विचारणारसुद्धा नाही.

"दोन मागवा रिमोट," त्या सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या.

"दोन कशाले? एका गाडीले ड्रायव्हर एकच रायते."

दीपमालाने सासूकडे पाहिलं. सासूने चहाच्या कपांकडे पाहिलं.

शिशिरनी गार्डसाहेबांच्या इंजिनात चिप बसवून दिली, आणि मग कोणती यंत्रणा घ्यायची याची परीक्षा सुरू झाली. शिशिर हौशी मंडळींकडून एकेक उसनी आणत आणि रामटेक्यांच्या घरी लावून बघत.

पहिला आला तो टीव्हीच्या रिमोटसारखा. समोर धरून दाबायचा. बैठकीत त्यानं कमाल केली. गाडी निघाली, थांबली, मागे आली, शिट्टी वाजली. गार्डसाहेब स्टुलावर चढून हुकूम सोडत होते. मग गाडी भोकात शिरली आणि रिमोटचं ऐकेना. भिंत आडवी आली होती. टीव्ही एका खोलीत आणि रिमोट दुसऱ्या खोलीत, असला तो प्रकार. दुसरा कोणी असता तर चालत स्वयंपाकघरात गेला असता. गार्डसाहेबांनी रिमोटसकट हातच भोकात घातला.

अंजनाबाई कांदा चिरत होत्या. समोरून गाडी गेली, आणि गाडीमागून भिंतीतून नवऱ्याचा हात बाहेर आला, खांद्यापर्यंत, आणि रिमोट हलवायला लागला.

"थांबली का?" भिंतीमागून आवाज आला.

"नाही! खिडकीत गेली!"

"आता?"

"आता मले काय माहीत? तुम्ही हात काढा आधी!"

"निघून नाही राहिला!"

बैठकीतून दीपमालाची किंकाळी आली. "पापाजी! पीछे से आ रही है!" गाडी झोपायच्या खोलीतून फेरी मारून बैठकीत आली होती आणि गार्डसाहेबांचा खांदा रुळावर होता. वीतभर इंजिन येऊन त्यांच्या काखेत घुसलं आणि तिथंच घरघरत राहिलं. गार्डसाहेबांना गुदगुल्या भारी. स्टुलावर ते असे काही हसायला लागले की स्वयंपाकघरातला हातही हसत असल्यासारखा हलत होता. अंजनाबाईंनी ओट्यावर डोकं टेकलं. डोळ्यांत पाणी कांद्याचं होतं की कशाचं, सांगता येत नव्हतं. शेवटी त्यांनी त्या हाताला खोबरेल तेल लावलं, दीपमालाने पलीकडून ओढलं, आणि हात सुटला.

दुसरी यंत्रणा वायफायवाली. एक छोटी डबी रुळांना जोडायची, मग ज्याच्या फोनमध्ये ते ॲप असेल त्याने गाडी चालवावी. पडद्यावर चाक दिसतं, ते बोटानं फिरवायचं.

"ज्याच्या फोनमध्ये असेल तो?" अंजनाबाईंनी विचारलं.

"हव काकू. दहा जणांनी चालवा."

त्या सकाळी अंजनाबाईंनी दीपमालाला मोरीपाशी गाठून स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. दीपमालाने तिथंच उभ्या उभ्या त्यात ॲप घालून दिलं. अंजनाबाईंच्या अंगात असा उत्साह संचारला की त्यांनी दुप्पट कणीक भिजवायला घेतली. फोन ओट्यावर, पडदा उजळलेला, चाक समोर. म्हाताऱ्याची गाडी भोकातून आली की हळूच एक बोट लावायचं, शिट्टी वाजवायची, आणि भूत आहे म्हणून सांगायचं, असा त्यांचा बेत होता.

गाडी आली. मागून गार्डसाहेब फोन हातात धरून, नवरदेवासारखे, एकेक पाऊल मोजून टाकत आले. आणि नेमका त्यांच्या गोंदियाच्या बहिणीचा फोन आला. पडद्यावरचं चाक गेलं, बहिणीचा फोटो आला. गार्डसाहेबांनी सवयीने फोन कानाला लावला. "हा बाई, बोल." गाडी होती त्या वेगात पुढे.

"मसाला येऊन राहिला!" अंजनाबाई ओरडल्या आणि आपल्या फोनवर झडप घातली. पण बोटांना कणीक. चाक फिरवलं तर पडद्यावर कणकेचा पट्टा उठला, चाक हललं नाही. इंजिन सांध्यावर उसळलं, फळीवरून सुटलं आणि नाकावर परातीत पडलं. वाघिणी एकामागून एक येऊन कणकेत रुतल्या. शेवटचा गार्डाचा डबा तेवढा फळीवर लटकत राहिला.

"बाई, तुले मागून करतो," गार्डसाहेब फोनवर म्हणाले. "गाडी पिठात गेली."

शिशिर आणि दीपमाला एकमेकांच्या आधाराने उभे होते. शिशिरना तर बोलताच येईना. गार्डसाहेबांनी कणकेतून इंजिन उपसलं, कानाशी धरलं, ऐकलं, आणि निकाल दिला. "फोन नाही पाहिजे. ज्यात बहीण येते त्याच्यानं गाडी चालत नाही."

सगळे पुन्हा हसले. अंजनाबाईसुद्धा. पण रात्रीच्या पोळ्यांसाठी नवी कणीक भिजवताना त्यांनी फोनवरचा तो पांढरा पट्टा नखानं खरवडून काढला आणि ॲप पुसून टाकायला फोन सुनेकडे दिला. दीपमालाने तो घेतला नाही.

"आई, मैं बोल दूँ?"

"खबरदार."

उरली ती तिसरी, रेडिओवाली. शिशिरच्या स्वतःच्या गच्चीवर होती तीच. मुठीत बसेल असा हँडसेट, मधोमध गोल बटण, खरंखुरं फिरणारं, बाजूला शिट्टीची कळ. भिंती आड आल्या तरी चालायची. त्यात बहीण येत नव्हती. गार्डसाहेबांनी ते बटण अंगठ्यानं फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा लोण्यासारखा झाला. "हेच मागवा. एक."

"एकच ना काका? जादा हँडसेट पण मिळतो."

"एकच. ड्रायव्हर एकच."

मागवण्याआधी एकदा घरी नीट चालवून बघायची, असं ठरलं. रविवारची दुपार. कूलर घरघरत होता. गार्डसाहेबांनी दाढी केली होती. पांढरा शर्ट घातला होता, खिशात जुनी शिट्टी. आणि माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून त्यांनी आपली हिरवी झेंडी काढली होती. शिशिरनी हँडसेटला दोरी बांधून त्यांच्या गळ्यात घातला.

गाडी लांब होती. इंजिन भोकातून स्वयंपाकघरात पोचलेलं, थेट मिठाच्या डब्यापाशी. शेवटचा गार्डाचा डबा अजून बैठकीत. गार्डसाहेब त्या डब्याशेजारी ताठ उभे राहिले. शिशिर आणि दीपमाला सोफ्यावर. अंजनाबाई स्वयंपाकघरात, इंजिनासमोर, हात बांधून. आजच्यानंतर इथं आपलं काही काम नाही, असं त्यांच्या मनात चाललं होतं, आणि त्या इंजिनाच्या काचेवर अडकलेली एक मोहरी नखानं काढत होत्या.

बैठकीत शिट्टी झाली. लांब, झकास. झेंडी फडफडल्याचा आवाज आला.

इंजिन जागचं हललं नाही.

पुन्हा शिट्टी. पुन्हा झेंडी.

"अंजना! निघाली का?"

"नाही!"

"काहून?"

"मले काय विचारता?"

गार्डसाहेबांनी झेंडी आणखी उंच धरली आणि जोरजोरात हलवली. आता त्यांचा आवाज चढला होता, नोकरीत चढायचा तसा. "अरे, झेंडी देऊन राहिलो ना! ड्रायव्हर झोपला काय?"

मग शिशिरच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. अंजनाबाई दारात आल्या. नवरा हात उंच करून, भोकाकडे डोळे लावून ताटकळत उभा होता, आणि हँडसेट त्याच्या छातीवर घड्याळाच्या लंबकासारखा झुलत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर तर तुमच्या गळ्यात लटकून राहिला."

गार्डसाहेबांनी खाली पाहिलं. मग झेंडीकडे. मग पुन्हा खाली. दीपमाला सोफ्यावरून घसरून जमिनीवर बसली होती. शिशिर उशीत तोंड खुपसून हलत होते. आणि गार्डसाहेब हसायला लागले, आधी तोंडातल्या तोंडात, मग पोट धरून, मग भिंतीला टेकून. "चाळीस साल," त्यांना मधेच म्हणता आलं, "चाळीस साल झेंडी दिली का गाडी आपोआप निघे!"

त्या हसण्यातच अंजनाबाई पुढे झाल्या. नवऱ्याच्या डोक्यावरून त्यांनी दोरी काढली, वरमाला उलटी काढावी तशी, आणि आपल्या गळ्यात घातली.

"तुमच्यानं ड्रायव्हरी होत नाही. तुम्ही गार्डच आहात. द्या झेंडी."

"तुले येईल?"

"इंजिनाचं तोंड या घरात माह्याशिवाय कोणी पायलं? तुम्ही तर बुडच पायलं जिंदगीभर."

गार्डसाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आपली बायको गळ्यात हँडसेट घालून, नाकाचा शेंडा लाल, पदर खोचलेला, हे त्यांना नवीन होतं. "पण तू तर म्हणत होती का खेळणं आहे."

"आहेच. मी का खेळू नाही?"

दीपमालाने जमिनीवर बसल्या बसल्या टाळी वाजवली. "बोल दिया! आईने बोल दिया!"

अंजनाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि इंजिनासमोर उभ्या राहिल्या. बैठकीत शिट्टी झाली. झेंडी दिसत नव्हती, पण फडफड ऐकू आली. त्यांनी कळ दाबून एक लांब हॉर्न दिला आणि अंगठ्यानं बटण फिरवलं. इंजिनानं वाघिणी एकेक करून ओढल्या, खट, खट, खट, आणि बैठकीतून गार्डसाहेबांचा आवाज आला, "निघाली! निघाली वो!" इतका खूश आवाज त्यांनी लग्नातही ऐकला नव्हता.

हळद गेली. डाळ गेली. मसाल्यापाशी त्यांनी बटण इतकं हळू मागे घेतलं की इंजिन सांध्यावरून कुशीवर वळल्यासारखं गेलं. त्या गाडीबरोबर चालत होत्या, आणि भिंतीपलीकडून शेवटच्या डब्याबरोबर गार्डसाहेब चालत आले, झेंडी खांद्याला लावून, मागे पाहत. दोघं एकाच स्वयंपाकघरात, गाडीच्या दोन टोकांना. खिडकीपाशी त्यांनी वेग वाढवला, झोपायच्या खोलीत जरा जास्तच वाढवला, आणि स्वतःच किंचाळल्या.

"हळू! मागं माणूस आहे!" गार्डसाहेब ओरडले.

"मागं माणूस असतो हे ड्रायव्हरले दिसत नाही!"

तिसऱ्या फेरीला गार्डसाहेबांनी शिशिरना हाक मारली. "डॉक्टर, आपलं ठरलं तेच मागवा. एक."

"एकच? नक्की?"

"गार्डाले काय करायचं हँडसेट? ड्रायव्हर एकच रायते."

यंत्रणा आली, तेव्हापासून रामटेक्यांच्या घरची गाडी अंजनाबाईंच्या मर्जीनं सुटते. विहारातल्या बायका आता बघायला येतात आणि हसत नाहीत, नंबर लावतात. अंजनाबाई कोणाला देत नाहीत. गार्डसाहेब रोज दाढी करून झेंडी घेऊन उभे राहतात, आणि गाडी भोकात शिरून थबकली की बैठकीतून विचारतात, जरा अदबीनं.

"ड्रायव्हर मॅडम, गाडी काहून थांबली?"

"सिग्नल नाही."

"सिग्नल कधी मिळेल?"

"पोळी फुगली का लगेच."